दुर्बिणीच्या अलीकडे

मला टीबी झाला होता. आमच्या गावात हे इतकं सरळ कुणी बोलत नाही. 'तिला ते झालंय' म्हणतात आणि हनुवटीनं छातीकडे खूण करतात. मी ब्लाऊज शिवते. बायकांच्या छातीबद्दल बोलायची लाज माझी केव्हाच गेली, म्हणून सरळ लिहिते. जिच्या हातात आज रिपोर्ट पडलाय आणि जिला तो पदराखाली लपवून घरी न्यावासा वाटतोय, तिनं हे वाचावं एवढीच इच्छा आहे. गोळ्या कोणत्या आणि किती, ते तुमचे डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

पण आधी दुर्बीण सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वरचा दगड

माझं सासर केजच्या अंगाला आणि माहेर वडवणीच्या अंगाला. मध्ये बालाघाटाचा एक डोंगर. डोंगर म्हणते खरं, पण फार उंच नाही. चालायची सवय असलेलं माणूस गप्पा मारत मारत वर पोचतं. माथ्यावर चुन्यात बसवलेला एक दगड आहे. जुन्या काळी मोजणीचे साहेब तिथं दुर्बीण लावून बसायचे म्हणे. साहेब गेले, दुर्बीण गेली, नाव तेवढं राहिलं. दोन्हीकडची गावं त्या माथ्याला दुर्बीणच म्हणतात. 'दुर्बिणीवर शेरडं चरायलीत', 'दुर्बिणीवर पाऊस दिसायलाय', असं.

त्या दगडापाशी उभं राहिलं की एका बाजूला आमचं गाव, शाळेचे निळे पत्रे, तलाव, आणि त्याच्या पलीकडे केजकडे जाणारा रस्ता. मान वळवली की माझं माहेर, आमच्या दारातला लिंब, आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या. हवा स्वच्छ असली तर रस्त्यावरची लाल एसटीसुद्धा दिसते. सासर आणि माहेर एका जागी उभं राहून बघायला मिळणं हे काही प्रत्येकीच्या नशिबात नसतं. माझ्या होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान अधू झालेत, त्यामुळे फोनवर त्यांच्याशी बोललं की निम्म्या गावाला ऐकू जातं. जन्मभर ढाब्यावर, बसस्टँडवर, कुणाच्याही हातचं खाल्लं प्यायलं त्यांनी. फक्त माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. बऱ्याच घरांनी हे कधीच सोडून दिलं. आमच्या घरानं नाही. माझ्या आईनं पाळलं आणि पाळता पाळताच ती गेली. मला मूल झालं नाही.

अण्णा घरी आले की आत्या ताटलीत गिलास घेऊन यायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. अण्णा गिलासाला बोटं लावायचे, ती बोटं कपाळाला लावायचे, आणि गिलास तसाच परत जायचा. भर उन्हातून आले तरी तेच. दर वेळी मला वाटायचं, चारचौघांत कुणीतरी माझ्यातलं उणं काढून दाखवलं.

"अण्णा, सोडा की आता हे," मी म्हणायचे.

"तुजी माय पाळून गेली," ते म्हणायचे. "आता मी मोडलं तर वर गेल्यावर तिला काय तोंड दावू?"

यावर तोडही त्यांनीच काढली. डोंगर काही कुणाच्या घरात येत नाही. म्हणून रविवारी ते त्यांच्या बाजूनं वर चढायचे, मी माझ्या बाजूनं. दगडापाशी मी डबा उघडायचे. अण्णा माझ्या हातच्या भाकरी खायचे, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचे, आणि आत्यांना माझा रामराम सांग म्हणायचे. माझ्या बाजूच्या वाटेला त्यांनी स्टॉप ठरवून दिले होते. पहिला स्टॉप सीताफळीचा, दुसरा बसका दगड, तिसरा कपार. कपारीनंतर शेवटचा चढ आणि मग दुर्बीण. मला उशीर झाला की वरून ओरडायचे, "गाडी कुटं फेल झाली?"

टीप

दुखणं मला आधी शिलाईत कळलं. खोकला होता, पण खोकला कुणाला नसतो. सणाची गर्दी होती आणि ब्लाऊजांचा ढीग पडला होता. माझा स्वतःचा ब्लाऊज सैल व्हायला लागला तेव्हा मी दोन्ही बाजूंनी एकेक टीप मारून मोकळी झाले. थोड्या दिवसांनी पुन्हा मारली. दुसऱ्या एखाद्या बाईचं असं झालं असतं तर मी तिला लगेच म्हटलं असतं, बाई, दवाखान्यात जाऊन ये. स्वतःच्या बाबतीत मात्र बरं वाटलं, अंग उतरलं म्हणून.

मग डोंगर चढताना दम लागायला लागला. अण्णा वरून म्हणायचे, "डिझेल संपलं काय?" मी हसायचे आणि हसलं की खोकला यायचा. एका रविवारी पहिल्या स्टॉपवरूनच मागं फिरले आणि फोन करून सांगितलं की शिवणकाम फार आहे. नंतरच्या रविवारीही तेच सांगितलं. मग एका सकाळी मोरीत चूळ भरताना लाल दिसलं.

मी पाणी ओतलं, सगळं वाहून जाईपर्यंत बघत राहिले, आणि मशीनवर जाऊन बसले. हातातला हूक लावून होईना. माझ्या मिस्टरांचं, बालाजींचं, गावात झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना फोन केला आणि नुसतंच म्हटलं, घरी या.

केजला एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून म्हणाले, डाग आहे. आयुष्यभर लोकांच्या कापडावरचे डाग काढून दिलेत मी, तेलाचे, हळदीचे, नाही नाही ते. हा कसा काढायचा ते कळेना. त्यांनी आंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. तिथले डॉक्टर बालाजींना बाजूला घेऊन बोलले. बाजूला घेऊन बोलले की पेशंटला सगळं ऐकू येतं, हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं. टीबी असेल किंवा गाठ असेल, आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. गाठ म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

अण्णांना यातलं काही कळवायचं नाही असं आमचं ठरलं. त्यांना बीपी आहे. खोकल्याचं तपासायला नेलंय, एवढंच सांगितलं होतं.

अकराची दुर्बीण

वॉर्डात दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. पहाटे झाडणारी बाई येते आणि चपला खाटेखाली सारते. मग सिस्टर ताप बघतात. मग मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे शिकणारी पोरंपोरी, आणि तेवढ्या वेळात सगळ्या नातेवाइकांना बाहेर हाकलतात. बाहेर लिंबाखाली सगळे जण एकमेकांना डब्यातलं देतात आणि आपापल्या पेशंटचं सांगतात. दुपारी झोप येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी मला केसांना तेल लावायला बोलवायच्या. मी खोकले की सगळे तोंड फिरवायचे, त्या फिरवायच्या नाहीत. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

राउंडला डॉक्टर म्हणाले, "उद्या अकराला दुर्बीण करू." घशातून नळी घालून फुफ्फुस आतून बघतात, तिला सगळे दुर्बीणच म्हणतात. बालाजी व्हरांड्यात गेले. उगाच लपवून कशाला ठेवायचं, तपासणीचं तरी सांगावं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी अण्णांना फोन लावला. आवाज मला खाटेवर येत होता.

"अण्णा, उद्या दुर्बीण हाय हिची. अकराला."

काहीतरी पलीकडून.

"दुर्बीण, दुर्बीण! अकरा वाजता! व्हय, उद्या!"

आत आले तेव्हा चेहरा गोंधळलेला. "म्हातारा एवढा खूश कावून झाला कळंना," म्हणाले. "लई चांगलं झालं, लई चांगलं झालं म्हनून फोन ठिवला."

मीही फार विचार केला नाही. मला माझीच भीती पुरत होती.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी नेलं. दारात सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं काढून ठेवा. लग्नापासून मंगळसूत्र गळ्यातून उतरलं नव्हतं. बालाजींनी ते रुमालात बांधलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दार लागेपर्यंत त्यांचा हात त्या खिशावर होता. घशात कडू औषध मारलं, जीभ जड झाली, गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, "आता दुर्बीण आत जाईल. घाबरायचं नाही, दम धरा." मला डोंगरच दिसला. एवढ्या सगळ्यात मला हसू यायला लागलं आणि हसता येईना. आपण आता गुदमरून मरतो असं एकदा नक्की वाटलं. मग सिस्टरनी माझा अंगठा धरला आणि काम संपेपर्यंत सोडला नाही. वेळ थोडाच लागतो. ज्यांची व्हायची आहे त्यांना सांगते, होतं सहन.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. बालाजींनी कानापासून लांब धरला तरी मला ऐकू येत होतं.

"यायचं न्हवतं तर सांगायचं तरी! दिसभर ताटकळून बसलो म्या!"

"कुटं बसलात?"

"कुटं म्हंजी? दुर्बिणीवर! तुमीच म्हनलात ना, अकराला दुर्बीण हाय म्हनून?"

बालाजी माझ्याकडे बघायला लागले. घशातून आवाज फुटत नव्हता, पण मला सगळं कळलं होतं. मी बरी झाले, दुर्बिणीवर येतेय, असं समजून अण्णा सकाळीच डोंगर चढले होते. लेक आजारातून उठलीय, तिला डबा कशाला करायला लावायचा, म्हणून स्वतः पिठलं-भाकरी करून घेऊन गेले होते. फोन घरी चार्जिंगला.

बालाजींनी हळूहळू सगळं सांगितलं. ही दुर्बीण कोणती, ती का केली, काय निघू शकतं. 

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात हजर. माझ्या उशाशी बसले. माझा आवाज बसलेला, त्यामुळे त्यांनाच बोलावं लागलं.

"मला वाटलं बरी झालीस तू," ते म्हणाले. "तुज्या गावाकडं तोंड करून बसलतो. कोन बी बाई वाटंला लागली की वाटायचं, तूच. एक तर कपारीपस्तोर आली. शेरडंवाली व्हती."

मला रडू आलं आणि त्यांनी उपरण्यानं माझं तोंड पुसलं. "मला कावून सांगितलं न्हाई गं?" एवढंच म्हणाले. मग पाणी मागितलं. बालाजींनी मोठ्या हौसेनं आमच्या घरून आणलेली बाटली पुढे केली. अण्णा उठले आणि बाहेरच्या नळावर जाऊन पिऊन आले. डोंगरावरची सूट दवाखान्यात चालत नव्हती.

नेलपॉलिशचा ठिपका

दुर्बिणीतून काढलेल्या पाण्यात टीबीचे जंतू सापडले. गाठ नाही. बालाजींनी वॉर्डात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. टीबी झाला म्हणून आनंदाने रडणारी माणसं तुम्ही बघितली नसतील, आम्ही दोघं तशी रडलो.

तो आनंद घराच्या दारापर्यंत टिकला. आत्यांनी माझं ताट, वाटी आणि गिलास वेगळा काढून ठेवला होता. स्टीलचे गिलास सगळे सारखेच, चुकून बदलायला नको म्हणून माझ्याच डबीतल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका त्याच्या तळाला लावला होता. तो मांडणीवर नाही, मोरीच्या खिडकीत. आत्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली, त्या काळी गोळ्या वेळेवर मिळत नव्हत्या. आत्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय. पुढे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की औषध नियमित सुरू झालंय, आता हिच्यापासून कुणाला भीती नाही, आणि भांड्यांनी तर हा आजार पसरतच नाही. आत्यांनी मान हलवली. गिलास खिडकीतच राहिला.

माझ्या हातचं पाणी घरात कुणाला देऊ देत नव्हत्या. गिऱ्हाइकं कमी झाली. एक बाई अर्धवट शिवलेलं कापड परत घेऊन गेली, म्हणाली, घाई नाही, तुम्ही बऱ्या झाल्यावर बघू. बालाजी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, पंख्याचं निमित्त काढून. सकाळी मात्र गोळ्या ते स्वतः तळहातावर ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. माणूस एकाच वेळी भितोही आणि जीवही लावतो, हे मला तेव्हा समजून घेता आलं नाही. आता येतं.

एक सांगून ठेवते, कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर होते. मी रक्त समजून किंचाळले होते. ते औषधाचं असतं. उलटीसारखं होतं, अन्नाचा वास नकोसा होतो, आणि चीड फार येते. चिडीवर गोळी नाही.

डोंगर बंद झाला होता. मग अण्णा गाडीरस्त्यानं यायला लागले. वळसा घालून, धारूर आणि केज करत, जीप बदलत. ओट्यावर बसायचे, माझी विचारपूस करायचे. आत्या ताटलीत गिलास आणायच्या. अण्णा बोटं लावायचे, कपाळाला लावायचे, गिलास परत.

एका दुपारी माझा तोल गेला. सकाळपासून उलट्या झाल्या होत्या. गिलास परत जाताना बघितला आणि मी बोलले.

"अण्णा, तुम्ही येत जाऊ नका. या घरात माझ्या हातचं पाणी कुणी पीत नाही. माझा गिलाससुद्धा वेगळा आहे, खूण करून मोरीत ठेवलाय. यांना आजाराची भीती आणि तुम्हाला रीतीची. मला तर दोन्ही सारखंच वाटतं."

आत्या आत निघून गेल्या. अण्णांना सगळं ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी 'काय?' म्हणून विचारलं नाही. थोडा वेळ बसले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर आले नाहीत.

फोन करायचे. गोळ्या घेतल्या का, जेवलीस का, एवढंच. मी हो म्हणायचे. आईमागं मला एकच माणूस होतं आणि त्याला मी ओट्यावरून उठवलं होतं, हे दर फोननंतर वाटायचं. दुखण्यानं जेवढी खचले नाही तेवढी त्यानं खचले. मनाशी ठरवून टाकलं, गोळ्या संपल्या की दुर्बिणीवर जायचं. तिथं ते माझ्या हातचं खातात, तिथं सगळं परत पहिल्यासारखं होईल.

नऊ महिने

गोळ्या सहा महिने चालतील असं सांगितलं होतं. सहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून थोडं राहिलंय, नऊ करू. आत्या सोबत होत्या. जीपमध्ये बसल्यावर त्या स्वतःशीच म्हणाल्या, "नऊ म्हैने." बाकी काही नाही. आमच्या घरात नऊ महिन्यांचा हिशेब एकाच गोष्टीसाठी करायचा राहिला होता आणि तो कधी करायला मिळाला नाही. त्या टोमणा मारत नव्हत्या, मला ठाऊक आहे. तरी मी वाटभर खिडकीबाहेर बघत आले.

नऊही संपले. डॉक्टर म्हणाले, जंतू गेले, तुम्ही बऱ्या झालात. मग एक्स-रेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, इथं फुफ्फुसाला वण राहिलाय. चढावर दम लागणार, तो कदाचित राहीलच. डोंगरबिंगर जरा बेतानं.

घरी येऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, रविवारी दुर्बीण आहे. अकराला."

"कोन्ती?" त्यांनी विचारलं. "आधी नीट सांग बाई, कोन्ती?"

"डोंगरावरची."

"बरं," ते म्हणाले. आवाज जरा फुटला होता, किंवा फोनचं असेल.

कपार

बालाजी सोबत येतो म्हणत होते. मी त्यांना पायथ्याला थांबवलं. डबा केला होता, बाटली भरून घेतली होती. सीताफळीच्या स्टॉपवर बसले, पुन्हा उठले. बसक्या दगडावर जास्त वेळ बसले. एक गुराखी बाई मागून येऊन पुढे निघून गेली. पूर्वी मी अशा बायकांना मागं टाकायचे. कपारीपाशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि छातीत टोचत होतं.

वर दगड दिसत होता. दगडापाशी अण्णांची पांढरी टोपी. त्यांनी उपरणं हलवलं, ये, ये. मी उठले, चार पावलं टाकली आणि परत खाली बसले. पुन्हा प्रयत्न केला. वारा भरपूर होता आणि तो माझ्या आत काही जात नव्हता. उपरणं हलायचं थांबलं. मला ओरडून सांगताही येईना.

मग ते उतरायला लागले. त्यांचे गुडघे उताराला दुखतात. आडवे पाय टाकत, झुडपं धरत ते कपारीपर्यंत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"नाही जमत अण्णा," मी म्हणाले. "मला वाटलं जमेल. बरी झालेय म्हणाले ना ते. बरी झालेय तर का नाही जमत?" आणि मी रडले. गळा काढून रडले, नऊ महिने घरात रडता आलं नव्हतं तशी.

त्यांनी रडू दिलं. पाठीवर हात होता.

"इथून आपलं गाव दिसत नाही," मी म्हणाले.

अण्णांनी मान वर करून माथ्याकडे बघितलं. "पवनचक्कीचं पातं दिसायलंय थोडं," म्हणाले.

मी डोळे पुसले, बाटली उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवून दिली. नऊ महिने ज्या घोटाची वाट बघितली तोच त्यांनी घेतला नाही. हेसुद्धा आता भ्यायला लागले, असंच वाटलं.

"चल," ते उठत म्हणाले. "खाली जाऊ. तुज्या घरला."

पायथ्याला बालाजी उभे होते, त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. घरी आलो. अण्णा ओट्यावर न बसता आत आले आणि चटईवर बसले. आत्यांनी नेहमीप्रमाणे ताटलीत गिलास आणला. अण्णांनी त्याला बोटंही लावली नाहीत.

"ह्यो न्हवं, विहीणबाई," ते म्हणाले. "लाल ठिपक्याचा आना. तिचा."

आत्या जागीच उभ्या. "पावणं, तो तिचा हाय. तिच्या दुखन्यातला."

"म्हनूनच म्हनलं."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, मोरीच्या खिडकीतून गिलास काढला, विसळला आणि माठातलं पाणी भरून आणलं. थोडं चटईवर सांडलं.

"अन् तुमची रीत?" आत्यांनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आजून लेकरू..."

"लेकरू व्हईस्तवर प्यायचं न्हाई, आशीच हाय ना रीत?" अण्णांनी गिलास हातात घेतला. "नऊ म्हैने लागले. झालं की लेकरू." त्यांनी गिलास माझ्याकडे करून दाखवला. "ह्ये काय हुबं हाय. हिच्या मायला मी सांगतो वर गेल्यावर."

आणि ते प्यायले. मान वर करून, न थांबता, तळाचा लाल ठिपका आत्यांना समोर दिसेल असा गिलास उलटा होईपर्यंत. मिशा पुसल्या आणि रिकामा गिलास माझ्या नाही, आत्यांच्या हातात दिला.

"गार हाय पानी," ते म्हणाले. "ह्याच्यातच आजून आना."